वडगाव दर्याची गुहा आणि पाताळातील नदी

“येथे खोदा, खालून नदी वाहते आहे,” असे पाणाड्याने सांगावे आणि शेतकऱ्याने कर्ज काढून विंधन विहीर घ्यावी, हा प्रकार पर्जन्यछायेतील पारनेर तालुक्याला नवा नाही. भूगर्भातील नदी ही कल्पना मात्र निव्वळ भाकडकथा नव्हे. जगात अशा नद्या आहेत. मेक्सिको देशाच्या युकातान द्वीपकल्पातील साक आक्तुन ही जलमग्न गुहा पाणबुड्यांनी दोरीच्या आधाराने, दिव्याच्या उजेडात वर्षानुवर्षे धुंडाळली. २०१८ च्या जानेवारीत शेजारच्या दोस ओहोस या गुहेशी तिचा सांधा सापडला आणि दोहोंची मिळून लांबी सुमारे ३४७ किलोमीटर भरली. अहिल्यानगरहून मुंबई गाठून पुढेही उरावे एवढे हे अंतर आहे.

ही सारी गुहा चुनखडकातील आहे. पारनेरच्या भूमीखाली असे काही संभवते काय, याचे उत्तर त्याच तालुक्यातील वडगाव दर्या येथे पाहावयास मिळते. येथील दरीत दर्याबाई-वेल्हाबाईचे देवस्थान आहे. तेथील नैसर्गिक गुहेत छतापासून लोंबणारे आणि तळापासून वर चढणारे लवणस्तंभ दृष्टीस पडतात. नाव लवणस्तंभ असले तरी त्यात मीठ नाही. तो चुना होय. विशाखापट्टणम परिसरातील बोरा गुहांत असे स्तंभ आहेत, परंतु तेथील खडकच चुनखडीचा आहे. वडगाव दर्याचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला आपला परिचित काळा पाषाण. मग येथे चुना आला कोठून?

काळ्या पाषाणातील काही खनिजांत कॅल्शियम असते. पावसाचे पाणी मातीतून मुरताना कार्बन डाय-ऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. फटींतून सावकाश उतरणारे हे पाणी खडकातील कॅल्शियम विरघळवून आपल्याबरोबर आणते. काळ्या रानात नांगराला लागणारे चुनखडीचे खडेही या कॅल्शियमचेच. गुहेच्या छताशी थेंब मोकळ्या हवेत आला, की त्यातील वायू निसटतो आणि चुन्याचा अतिसूक्ष्म थर मागे राहतो. अशा असंख्य थेंबांतून एक स्तंभ उभा राहतो. हौसेखातर त्याचे टोक मोडून नेणाऱ्या पर्यटकाला हा हिशेब ठाऊक नसतो.

साक आक्तुनमध्येही लवणस्तंभ आहेत, पण पाण्याखाली. थेंब हवेत लोंबल्यावाचून स्तंभ घडत नाही. त्याअर्थी त्या गुहा एके काळी कोरड्या होत्या आणि हिमयुग ओसरून समुद्राची पातळी वाढल्यावर बुडाल्या. तेथील ओयो नेग्रो या विवरात २००७ मध्ये सापडलेला, बारा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा सांगाडा याला दुजोरा देतो.

रसायन दोन्हीकडे एकच, परिणाम मात्र भिन्न. चुनखडक या सौम्य आम्लात जवळजवळ संपूर्ण विरघळतो, म्हणून त्यात बोगदे पडतात आणि त्यांतून नद्या वाहतात. काळ्या पाषाणातून थोडासा अंश तेवढा निघून जातो, खडक जागच्या जागी राहतो. त्यामुळे पारनेरच्या भूमीखाली शेकडो किलोमीटरचे जलमार्ग असण्याचा संभव नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि लाव्हाथरांच्या सांध्यांत व भेगांत. अखंड काळ्या पाषाणात ते जवळपास नसतेच. खोल गेल्यावर एखादी भेग लागते आणि विंधन विहीर भरभरून वाहते. त्या भेगेतील साठा उपसला, की तीच विहीर उन्हाळ्यात कोरडी पडते. शेजाऱ्याने त्याच भेगेला आणखी खाली छेद दिला तर त्याहून लवकर. पाणाड्याची नदी आटली असे मग लोक म्हणतात. वास्तविक ती नदी नव्हतीच. मागील काही पावसाळ्यांची ती शिल्लक होती.

जिल्ह्यातीलच हिवरे बाजार या गावाने ही गोष्ट व्यवहारात आणली आहे. तेथे पाऊस मोजून वर्षाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी विंधन विहीर घेण्यास गावाने बंदी केली आहे. पाणी उघड्या विहिरींतून घेतले जाते, कारण त्यांची पातळी कोणालाही काठावरून वाकून पाहता येते.