घरगुती यूएसबी यंत्र आणि त्याची दोषचिकित्सा

कला शाखेच्या द्वितीय वर्षातील विद्यार्थ्याने वार्षिक अंकात इलेक्ट्रॉनिक्सवर लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक लहानसे यंत्र बनविले. ते अकरा दिवस चालले नाही आणि बाराव्या दिवशी चालले. त्या अकरा दिवसांत जे शिकलो, ते केवळ विज्ञान शाखेच्याच उपयोगाचे नाही असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

यंत्र कशासाठी?

माझी ताई पहूरला बसस्थानकाजवळ मराठी टंकलेखनाचे काम करते. आमचे आबा सालदार आहेत. घरात रोजचा रोख पैसा येतो तो मुख्यतः ताईच्या टेबलावरून, आणि तिचा संगणक अजून हप्त्यांवर आहे. अर्ज असो, प्रतिज्ञापत्र असो वा करारनामा, ‘मौजे पहूर, ता. जामनेर, जि. जळगाव’ ही ओळ तिला दिवसभर पुन्हा पुन्हा लिहावी लागते. एक बटण दाबताच ही ओळ उमटावी, एवढाच माझा हेतू होता. संगणकातील सोयींनीही हे काही ठिकाणी साधते, हे मला मागाहून कळले. तोवर परीक्षा फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून सामान आणून झाले होते!

यूएसबी म्हणजे काय?

पूर्वी संगणकाला छपाईयंत्र, कळफलक, माउस यांसाठी वेगवेगळी तोंडे असत. इंटेल कंपनीतील अजय भट्ट या भारतीय अभियंत्याने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांसाठी एकच जोडणी असावी म्हणून प्रयत्न केले. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली प्रसिद्ध झाली. भट्ट यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. लाल तारेतून ५ व्होल्ट येतात, काळी परतीची, तर पांढरी (डी-मायनस) आणि हिरवी (डी-प्लस) या दोन तारांतून संदेश जातात. यंत्र जोडल्याबरोबर संगणक त्याला एक क्रमांक देतो व ‘तू कोण?’ असे विचारतो. ठरल्या पद्धतीने उत्तर आले तरच पुढचा व्यवहार सुरू होतो.

मी वापरलेला मायक्रोकंट्रोलर अॅटमेगा-८ हा होता. त्यात यूएसबीची अंगभूत सोय नाही. परंतु व्हिएन्नाच्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीने ‘व्ही-यूएसबी’ नावाचा प्रोग्राम खुला केला आहे. त्याच्या साहाय्याने ही साधी चिप यूएसबीची भाषा बोलू शकते.

पहिले तीन दिवस

यंत्र जोडले. काहीच झाले नाही. मग मी प्रोग्राम बदलला, रोधक बदलले, संगणकाचे तोंड बदलले, तेही सारे एकदम. तीन दिवसांनी अशी अवस्था झाली की काय बदलले व काय नाही, हे माझे मलाच सांगता येईना. त्यातच एकदा लाल व काळी तार एकमेकींना लागली आणि संगणकाचे ते तोंड बंद पडले. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते चालू झाले, पण मधल्या पाच मिनिटांत ताई एक शब्दही बोलली नाही. तो संगणक जळता तर घराचे काय झाले असते, हे मला कोणी सांगावयाची गरज नव्हती.

रात्री आबांना हकीकत सांगितली. त्यांना संगणकातले काही कळत नाही. ते म्हणाले, “केळीच्या बागात शेवटच्या झाडाला पाणी येत नाही, तं आपण झाड उपटतो का? पाणी कुठपर्यंत आलं ते आधी पाह्य.” ठिबकचे पाणी थांबले की आबा आधी मोटर पाहतात, मग फिल्टर, मग मोठी नळी, मग बारीक नळी. मीही तोच क्रम धरला. एक वही केली. एका वेळी एकच गोष्ट तपासावयाची, काय दिसले ते लिहावयाचे, आणि मगच पुढे जावयाचे.

चार दोष

पहिला दोष केबलमध्ये निघाला. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतून मल्टिमीटर मिळाला. चिपपाशी ५ व्होल्ट बरोबर येत होते. पण केबलच्या एका टोकाची तार दुसऱ्या टोकाला पोहोचते का, हे तपासता फक्त लाल व काळीच पोहोचत होती. ती मोबाइल चार्ज करण्यापुरती केबल होती! वीज होती, पण बोलण्याची वाटच नव्हती. केबल बदलताच संगणकाने आवाज दिला व ‘यंत्र ओळखता येत नाही’ असा संदेश दाखविला. मला तर आनंदच झाला, कारण पाणी एक टप्पा पुढे आले होते.

दुसरा दोष वेळेचा होता. या धीम्या यूएसबीवर सेकंदाला १५ लाख संकेत जातात. चिपला १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर एका संकेतासाठी तिच्या घड्याळाचे ८ ठोके मिळतात. क्रिस्टल तर मी लावला होता. खात्री करण्यासाठी एक दिवा एक सेकंद लागावा व एक सेकंद विझावा, असा छोटा प्रोग्राम भरला. दिवा १२ सेकंद लागून राहिला! याचा अर्थ चिप १२ पट हळू, म्हणजे १ मेगाहर्ट्झवर चालत होती. कारखान्यातून ही चिप आतल्या १ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर ठरवूनच येते. ‘बाहेरचा क्रिस्टल वापर’ हे तिला ‘फ्यूज’ नावाच्या नोंदींतून सांगावे लागते. ते मी सांगितलेच नव्हते.

तिसऱ्या दोषाने सर्वांत जास्त दिवस घेतले. दिवा आता बरोबर लागे, तरी यंत्र कधी ओळखले जाई, कधी नाही. चिपमध्ये प्रोग्राम भरण्याचे माझे यूएसबीएएसपी हे उपकरण अॅटमेगा-८ आणि व्ही-यूएसबी यांवरच चालते, हे तेव्हा ध्यानात आले. म्हणजे चालणारा नमुना माझ्या हातातच होता! संदेशाच्या तारांवर दाब ३.६ व्होल्टच्या वर जाऊ नये म्हणून झेनर डायोड लावतात. मला दुकानातून १ वॅटचे डायोड मिळाले होते. ३.६ व्होल्ट हा आकडा बरोबर, पण अशा जाड डायोडची धारिता जास्त असते. त्यामुळे संकेतांच्या कडा बोथट होतात व संगणकाला ते नीट वाचता येत नाहीत. अर्ध्या वॅटचे डायोड लावले आणि यंत्र दर वेळी ओळखले जाऊ लागले.

चौथा दोष भाषेचा, म्हणून आपल्या शाखेच्या जवळचा. बटण दाबले तर ‘मौजे’ ऐवजी सी, क्यू, पी, एस ही इंग्रजी अक्षरे उमटली. कळफलक संगणकाला अक्षर पाठवीत नाही, तो फक्त कळीचा क्रमांक पाठवितो. सीच्या कळीचा क्रमांक ६. तिचे ‘सी’ करावयाचे की ‘म’, हे संगणकात निवडलेली भाषा ठरविते. इनस्क्रिप्ट मांडणी निवडताच त्याच कळांनी ‘मौजे’ लिहिले. मात्र ‘कळ सोडली’ हा संदेश पाठविण्यास मी विसरलो होतो, तेव्हा एकदा ‘मममममम’ अशी ओळभर रांग लागली. तेवढी दुरुस्ती केली, आणि बाराव्या दिवशी पूर्ण पत्ता उमटला.

उपसंहार

विद्यार्थिमित्रांनो, चारही दोषांचे बाह्य लक्षण एकच होते : ‘यंत्र चालत नाही.’ कारणे मात्र चार होती, आणि एक दूर झाल्याशिवाय दुसरे दिसत नव्हते. पहिल्या तीन दिवसांत ‘आपल्याला हे जमणारच नाही, आपल्या घरात कोण शिकले आहे?’ असा विचार माझ्या मनात अनेकदा आला. तो विचार म्हणजे झाड उपटण्यासारखाच होता. एखादा विषय समजत नाही, तेव्हाही मी आता विचारतो, नेमके कुठपर्यंत समजले आहे? संज्ञा अडते आहे, वाक्य अडते आहे, की मागचा धडाच राहिला आहे? पुष्कळदा अडचण आपण समजतो त्यापेक्षा लहान असते.

ताईने यंत्र पाहून एवढेच म्हटले, “एका ओळीपायी बारा दिवस?” परंतु दुसऱ्या दिवशी मी ती डबी महाविद्यालयात दाखविण्यासाठी उचलली, तेव्हा तिने ती माझ्या हातून काढून पुन्हा टेबलावर ठेवली. परीक्षेची फीही तिनेच भरली.