शाळेतच सॉफ्टवेअरचे भांडार

लिनक्स ही संगणकप्रणाली मुक्त असली, तरी ती दूरच्या केंद्रावरून उतरवून घेण्यास सक्षम इंटरनेट लागते. शाळेतील २० संगणकांनी प्रत्येकी ३०० मेगाबाइट सामग्री घेतली, तर एकूण भार ६,००० मेगाबाइट होतो. तीच सामग्री एकदा आणून शाळेत ठेवल्यास हा भार विसाव्या हिश्शावर येतो. अशा स्थानिक भांडारास 'मिरर' म्हणतात.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाच्या डीव्हीडीची संपूर्ण प्रत एकाच फाइलच्या रूपात मिळते. ही 'आयएसओ प्रतिमा' तालुक्याच्या गावाहून पेनड्राइव्हवरही आणता येते. प्रथम ती प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या 'चेकसम'शी ताडून पाहावी. एका अक्षराचा फरक आढळला तरी ती वापरू नये. नंतर ती एका संगणकावर 'माउंट' करावी, म्हणजे प्रत्यक्ष चकतीप्रमाणे उघडते. वेब सर्व्हरद्वारे ती शाळेच्या नेटवर्कवर खुली करावी आणि इतर संगणकांत तिचा पत्ता विश्वासार्ह स्थान म्हणून नोंदवावा. मग इंटरनेट बंद असतानाही काम अडत नाही.

मात्र प्रतिमा तयार झाल्यानंतरच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या तीत नसतात. त्या वेळोवेळी आणल्या नाहीत, तर भांडार भरलेले राहील, पण संगणक असुरक्षित होतील. म्हणून भांडार उभारतानाच ते अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एखाद्या शिक्षकाकडे सोपविणे अगत्याचे आहे.