सही माझी, कर्ज त्याचं

"सही तुमचीच आहे ना?" बँकेतले साहेब, पतसंस्थेचे सचिव, माझा दीर, सगळ्यांनी हेच विचारलं. सही कशी घेतली, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही.

पगार माझा नियमित, म्हणून कर्ज माझ्या नावावर. नाही म्हटलं की मार, तोही मुलीसमोर. काही कर्जं तर मला ठाऊकच नव्हती. मुलीच्या प्रवेशासाठी कर्ज मागायला गेले, तर काउंटरवरची मुलगी सिबिल बघून हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचे हप्ते थकलेत." नोंदीतला मोबाईल नंबर नवऱ्याचा होता. ओटीपी त्याच्याकडेच जात होते. तो पाठ असलेला नंबर मी त्या कागदावर पुन्हा पुन्हा वाचत राहिले. जाब विचारला तर म्हणाला, "संसार दोघांचा, कर्जही दोघांचं." गाडी मात्र एकट्याच्या नावावर! सासरे म्हणाले, घरातलं घरातच मिटवा.

मिटवू नका. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम ३ मध्ये आर्थिक छळ ही हिंसाच मानली आहे. संरक्षण अधिकाऱ्यांकडे अहवाल लिहून घेताना 'मारहाण केली' एवढ्यावर थांबू देऊ नका. कोणतं कर्ज, किती, सही कशी घेतली, पैसा कुठे गेला, सगळं लिहायला लावा. कलम १८ खाली त्याला खातं, लॉकर, स्त्रीधन यांना हात लावायला मनाई करता येते. कलम २० खाली आर्थिक भरपाई मागता येते आणि तो नोकरदार असेल तर ती थेट त्याच्या पगारातून देण्याचा आदेश न्यायालय काढू शकतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

पण त्या आदेशाने बँकेचं कर्ज आपोआप रद्द होत नाही. हे मला आधी कुणीच सांगितलं नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जबरदस्तीने घेतलेल्या संमतीचा करार रद्द करून मागता येतो, मात्र जबरदस्ती सिद्ध आपल्यालाच करावी लागते. म्हणून धमक्यांचे मेसेज, दवाखान्याचे कागद जपा. सही खोटी असेल तर बँकेत आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. बँकेच्या वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची मुभा नाही, हे त्यांना ठणकावून सांगा. स्वतःचा सिबिल अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो काढत जा.

पतसंस्थेसाठी मात्र लोकपाल नाही. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करायची, लेखी, आणि पोच घेऊनच. मी सचिवांना तोंडी सगळं सांगितलं होतं, रडून सांगितलं होतं. पुढे तेच मला विचारत होते, "तुम्ही कधी आला होतात?"