रॉजर केसमेंट : अहवालाचे शब्द आणि कायद्याचे शब्द

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस
• रॉजर केसमेंट यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देता येईल.
• अहवालातील नावे, आकडे व साक्षी यांचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
• अन्वय बदलल्यास अर्थ कसा बदलतो, हे सांगता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, अहवाललेखन हा प्रकार आपणांस रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु अहवालातील शब्दांवर कधी कधी असंख्य माणसांचे जगणे अवलंबून असते. ब्रिटिश मुत्सद्दी रॉजर केसमेंट यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

विषय-विवेचन

केसमेंट यांचा जन्म १ सप्टेंबर १८६४ रोजी डब्लिनजवळ झाला. तरुणपणीच ते आफ्रिकेत गेले आणि पुढे ब्रिटिश वाणिज्य दूत झाले. त्या काळी काँगोवर बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची वैयक्तिक सत्ता होती. रबर गोळा करण्यासाठी तेथील लोकांवर अनन्वित जुलूम होत असे. १९०३ साली ब्रिटिश संसदेत हा प्रश्न उपस्थित झाल्यावर केसमेंट यांनी काँगो नदीच्या वरच्या भागात प्रवास करून प्रत्यक्ष चौकशी केली.

त्यांच्या लेखनपद्धतीकडे लक्ष द्या. हा प्रदेश त्यांनी १८८७ साली पाहिला होता. त्यामुळे 'पूर्वी' आणि 'आता' यांची तुलना त्यांना करता आली. बोलोबो येथील वस्ती एके काळी सुमारे ४०,००० होती, ती ७,००० ते ८,००० वर आली, असे त्यांनी नोंदवले. विशेषणांचा भडिमार त्यांनी केला नाही. आकडे दिले आणि पीडितांच्या साक्षी दिल्या.

१९०४ साली अहवाल प्रसिद्ध करताना परराष्ट्र खात्याने त्यातील माणसांची व गावांची नावे वगळून त्या जागी केवळ अक्षरे घातली. केसमेंट यांनी याला तीव्र विरोध दर्शविला. त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. नाव गेले की साक्ष देणारा माणूसही वाचकाच्या नजरेआड होतो. तरीही अहवालाचा परिणाम झाला. १९०८ साली राजाची वैयक्तिक सत्ता संपून काँगो बेल्जियमच्या शासनाखाली आला.

पुढे दक्षिण अमेरिकेतील पुतुमायो भागात रबर-मजुरांवर होणाऱ्या अत्याचारांचीही त्यांनी चौकशी केली. १९११ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. मात्र परक्या भूमीवरील गुलामगिरी पाहताना त्यांचे मन स्वतःच्या पारतंत्र्यातील आयर्लंडकडे वळत गेले. १९१३ साली ते सेवानिवृत्त झाले. पहिल्या महायुद्धात आयरिश स्वातंत्र्यासाठी त्यांनी जर्मनीचे साहाय्य मागितले. एप्रिल १९१६ मध्ये जर्मन पाणबुडीतून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरताच त्यांना अटक झाली.

त्यांच्यावर १३५१ च्या, नॉर्मन फ्रेंच भाषेतील राजद्रोहाच्या कायद्याखाली खटला चालला. राज्यात राजाच्या शत्रूंना सामील होणे, त्यांना राज्यात 'किंवा अन्यत्र' मदत करणे, अशा आशयाचे ते कलम होते. 'अन्यत्र' हा शब्द फक्त मदतीला लागू आहे, की सामील होण्यालाही? केसमेंट यांचे कृत्य जर्मनीत घडले होते. म्हणून सारा बचाव या अन्वयावर उभा होता. मूळ दस्तऐवजातील विरामखुणाही तपासल्या गेल्या. न्यायालयाने व्यापक अर्थ स्वीकारला. किताब काढून घेण्यात आला आणि ३ ऑगस्ट १९१६ रोजी त्यांना लंडनमध्ये फाशी देण्यात आली. १९६५ साली त्यांचे अवशेष आयर्लंडला परत आले.

आपल्या भाषेतही अशी संदिग्धता आढळते. 'जुनी पुस्तके व नियतकालिके' या रचनेत नियतकालिकेही जुनीच आहेत काय? ग्रंथालयाच्या यादीत हा प्रश्न किरकोळ ठरेल. कायद्यात तो प्राणांतिक ठरू शकतो.

सारांश

केसमेंट यांच्या लेखणीने इतरांच्या वेदनेला पुरावा मिळवून दिला; एका शब्दाच्या अन्वयाने त्यांचा स्वतःचा निकाल लावला. लिहिताना आपण नेमकेपणा का जपावा, याचे उत्तर या दोन घटनांत आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. अहवालातून नावे वगळल्याने काय हानी होते?
२. 'किंवा अन्यत्र' या शब्दांचे दोन अन्वय स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या सूचनाफलकावरील संदिग्ध वाक्य शोधा व ते निःसंदिग्ध करून लिहा.