आकड्यांचा तक्ता आणि संगणक

गावचा सात-बारा, ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही, शाळेचे हजेरीपत्रक, ही सर्व मुळात तक्त्याचीच रूपे होत. पूर्वी लिपिक पट्टीने रकाने आखून आकडे भरीत असत. आज तेच काम संगणकावरील लहानसे आज्ञासंच करतात. पायथन या संगणकभाषेतील ‘प्रिटीटेबल’ आणि ‘टॅब्युलेट’ हे त्यांपैकी दोन प्रचलित व विनामूल्य संच होत.

कार्यपद्धती

या संचांची रीत साधी आहे. प्रथम सर्व ओळी वाचून प्रत्येक रकान्यातील सर्वांत रुंद नोंद शोधली जाते. नंतर त्या रुंदीइतकी जागा भरेल अशा बेताने इतर नोंदींना मोकळ्या जागा जोडल्या जातात. मजकूर डावीकडे, तर आकडे उजवीकडे लावावेत, असा संकेत आहे. नागपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,८९२ चौ. कि. मी., तर गडचिरोलीचे १४,४१२ चौ. कि. मी. आहे. हे आकडे डावीकडून लावल्यास सहस्राचा नऊ हा दशसहस्राच्या एकाखाली येतो आणि वरवर पाहणाऱ्यास नागपूरच मोठे भासते.

देवनागरीची अडचण

‘नागपूर’ हा शब्द संगणक न, काना, ग, प, दीर्घ उकार व र अशा सहा चिन्हांनी साठवतो. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना १८ बाइट लागतात. छापताना मात्र उकार ‘प’च्या खाली बसतो व जागा पाचच चिन्हांना लागते. संचाने सहा मोजल्यास एक मोकळी जागा कमी पडते, बाइट मोजल्यास तेरा कमी पडतात, आणि पुढील रेघ डावीकडे सरकते. म्हणून चिन्हांची संख्या न मोजता छापील रुंदी मोजणे आवश्यक ठरते. तरीही देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्याने केवळ मोकळ्या जागांवर विसंबणे इष्ट नव्हे. वरील दोन्ही संच तोच तक्ता एचटीएमएल स्वरूपातही देतात. त्यात रकान्याची कड अक्षरांवर अवलंबून राहत नाही.

दशांशातील धोका

जमिनीच्या नोंदीत अधिक सावधगिरी हवी. एका हेक्टरमध्ये १०० आर असतात. एक हेक्टर पन्नास आर हे क्षेत्र १.५० असे लिहिले जाते. संगणक त्याला निव्वळ संख्या मानून शेवटचे शून्य गाळतो व १.५ छापतो. वाचणाऱ्याने ते एक हेक्टर पाच आर असे घेतल्यास कागदावर ४५ आर जमीन नाहीशी होते. दशांशानंतर दोन अंक छापण्याची स्पष्ट सूचना संचास दिल्यास हा दोष टळतो. गट क्रमांक व खाते क्रमांक यांची बेरीज करावयाची नसते. ते मजकूर म्हणूनच नोंदवावेत.

तपासणीची सवय

छापील तक्ता स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : एककाखाली एकक आले आहे काय, दशांशाची स्थळे सारखी आहेत काय, आणि शीर्षकात परिमाण लिहिले आहे काय. शिक्षकांनी हाच पाठ वर्गात पाटीवर करून घेतल्यास विद्यार्थ्यांना स्थानिक किंमतीचे महत्त्व सहज पटेल. तक्ता नीट असणे हा केवळ देखणेपणाचा प्रश्न नाही. त्यातील एकेका ओळीमागे एखाद्या खातेदाराचा हक्क उभा असतो.