मीटरचं सील वायरमनने तोडलं तर?

प्रश्न : आमची सोसायटी तीस वर्षं जुनी आहे. घरात आता दोन एसी, गीझर आणि इंडक्शन शेगडी आहे. बिलावर मंजूर भार मात्र अजून 2 किलोवॅटच आहे. गेल्या महिन्यापासून मीटररूममध्ये आमच्या मीटरजवळ जळल्यासारखा वास येतो. ओळखीचा वायरमन म्हणतो, ‘‘सील काढून टर्मिनल घट्ट करतो, जाड वायर टाकतो. अर्ध्या तासाचं काम आहे, अर्ज वगैरे कशाला?’’ काही झालं तर जबाबदारी त्याची की माझी? आणि रीतसर करायचं तर खर्च कोणाचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हे काम त्याच्याकडून मुळीच करून घेऊ नका. कायद्याचं नंतर सांगतो, आधी जिवाचं.

मेन स्विच पाडला की वीज बंद झाली, असं आपण धरून चालतो. ते मेन स्विचच्या पुढच्या भागापुरतंच खरं आहे. मीटरची टर्मिनलं त्याच्या अलीकडे असतात आणि स्विच बंद असतानाही त्यांत 230 व्होल्ट असतातच. घरातल्या वायरिंगला आरसीसीबी असेल तर 30 मिलिअँपिअर गळतीला तो पुरवठा तोडतो. मीटरपाशी हात लागला तर तो काहीच करू शकत नाही, कारण तोही पुढेच बसवलेला असतो. तिथे पेचकस फेज आणि न्यूट्रलला एकदम टेकला, तर मागच्या ट्रान्सफॉर्मरमधून शेकडो अँपिअर धावतात. कटआऊटचा फ्यूज वितळेपर्यंत डोळ्यांसमोर वितळलेल्या धातूचा भडका उडालेला असतो.

न्यूट्रलची गोष्ट तर फार कमी लोकांना ठाऊक असते. तुमच्या इमारतीत थ्री फेज येतं आणि घरं तीन फेजवर वाटलेली असतात. मीटररूममध्ये खाटखूट करताना सामाईक न्यूट्रल सैल झाला, तर काही घरांत व्होल्टेज खाली जातं आणि काहींत 400 च्या जवळ पोचतं. शेजाऱ्यांचे फ्रिज आणि टीव्ही एका मिनिटात जळतात. ती भरपाई मग तुमच्या दारात येते.

आता कायदा. मीटर, त्याचं सील आणि मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस केबल वीज कंपनीच्या ताब्यातली असते, तुमच्या इमारतीत असली तरी. परवानगीशिवाय मीटर जोडणं किंवा काढणं हा विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 138 खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मीटरमध्ये फेरफार करून अप्रामाणिकपणे वीज घेतली, तर कलम 135 लागतं, म्हणजे वीजचोरी. नुसतं सील तुटलं म्हणून चोरी ठरत नाही, हेतू लागतोच. पण वीज घेण्याचं अनधिकृत साधन तुमच्याकडे आढळलं, तर ती वीज तुम्हीच अप्रामाणिकपणे घेतली असं कायदा गृहीत धरतो आणि उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं. ‘वायरमनने केलं’ एवढं सांगून सुटका होत नाही. त्याचीही होत नाही : परवानाधारक ठेकेदार किंवा कामगाराने अशा गुन्ह्याला साथ दिल्याचं सिद्ध झालं, तर कलम 150 खाली त्याचा परवाना रद्द होऊ शकतो. आणि तुम्ही त्याला चालू लाइनवर उभं केलं आणि तो गेला, तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली तुमचीही चौकशी होऊ शकते.

मीटरच्या पुढचं वायरिंग तुमचं. तरीही ते कोणीही करावं असं नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर बाकी सगळं राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारामार्फत आणि प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. मीटररूमपासून तुमच्या घरापर्यंतची वायर बदलणंही त्यातच येतं. ती जिन्यातून किंवा डक्टमधून जात असेल, तर सोसायटीला आधी लेखी कळवा.

पैशांचं म्हणाल तर खरा धोका मंजूर भारात आहे. तुमची उपकरणं एकदम चालली तर हिशेब सात किलोवॅटच्या आसपास जातो, म्हणजे तीस अँपिअर. बऱ्याच सिंगल फेज मीटरवर 5–30 अशीच क्षमता छापलेली असते, तुमच्यावरची बघून घ्या. वास कुठून येतो ते त्यावरून कळेल. मंजुरीपेक्षा जास्त भार वापरणं हा कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ओडिशाच्या श्री सीताराम राइस मिलच्या खटल्यात म्हटलं आहे. हा फौजदारी गुन्हा नव्हे. पण आकारणी दुप्पट दराने होते, आणि असा वापर कधीपासून चालू आहे हे ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. त्यावर कलम 127 खाली तीस दिवसांत अपील करता येतं, पण निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्यामानाने भार वाढवण्याचा अर्ज स्वस्त पडतो : प्रक्रिया शुल्क, जोडणीचा खर्च आणि वाढीव सुरक्षा ठेव. थ्री फेज घेतलंत तर दरमहाचा स्थिर आकार वाढेल, तेवढा हिशेबात धरा.

आज करायचं काम म्हणजे 1912 वर फोन. ‘मीटरचं टर्मिनल तापतंय, जळल्याचा वास येतोय’ असं स्पष्ट सांगा, तक्रार क्रमांक लिहून घ्या आणि मीटरचा सीलसह फोटो लांबूनच काढून ठेवा. पुढे मीटर जळाला आणि कारण तुमच्या बाजूचं ठरलं, तर त्याची किंमत तुमच्याकडे मागितली जाऊ शकते. तुम्ही वेळेत कळवलं होतं, याचा पुरावा तेव्हा हाच असेल. कंपनीचा माणूस येईपर्यंत एसी, गीझर आणि शेगडी एका वेळी चालवू नका. धूर किंवा ठिणगी दिसली तर मीटररूममध्ये पाऊल टाकू नका आणि 101 वर कळवा.

नंतर ठेकेदार बोलवाल तेव्हा भाव ठरवण्याआधी परवाना बघा, त्यावरची मुदत वाचा. काम झाल्यावर अर्थिंग आणि इन्सुलेशन तपासल्याचा सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. भारवाढीच्या अर्जालाही तोच अहवाल जोडावा लागेल.