वाटणीचा दावा आणि आपले हायकोर्ट



वाटणीचा किंवा बांधाचा दावा जिल्हा कोर्टातल्या अपिलातही गेला, की प्रश्न पडतो : आता कागद घेऊन जायचं कुठं?

1956 पूर्वी परभणीकरांचे हायकोर्ट हैदराबादला होते. राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबईला गेले. पुढे 27 ऑगस्ट 1981 रोजी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) न्यायमूर्ती बसू लागले आणि 1984 साली खंडपीठ कायम झाले. आपल्या जिल्ह्याची प्रकरणे तिथेच चालतात. नागपूर व गोव्यालाही खंडपीठे आहेत. 2025 साली कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले.

खंडपीठ म्हणजे धाकटे कोर्ट नव्हे. हायकोर्ट एकच, मुख्य न्यायमूर्ती एकच. बसण्याची ठिकाणे अनेक. खंडपीठाच्या निकालावर मुंबईत अपील होत नाही.

अशा दाव्यातले दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच घेतात आणि मुदत 90 दिवसांची. म्हणून निकाल लागताच नकलेचा अर्ज करा. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. तोडीच्या गडबडीत दिवस मोजायचं विसरू नका. उशीर झाला, तर आधी उशिराचंच कारण कोर्टाला पटवावं लागतं, जमिनीचं नंतर.